वीज तयार कुठे होते आणि घरापर्यंत पोहोचते कशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरातली वीज नेमकी कोणत्या केंद्रातून येते?

याचे ठाम उत्तर कोणालाच देता येणार नाही. चंद्रपूरची वीज विदर्भाला आणि कोयनेची वीज पश्चिम महाराष्ट्राला मिळते अशी समजूत सर्रास आढळते, परंतु प्रत्यक्षात सर्व केंद्रे एकाच जाळ्यात वीज ओततात आणि सर्व ग्राहक त्याच जाळ्यातून ती घेतात. हे जाळे आता राज्यापुरतेही उरलेले नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि तेव्हापासून संपूर्ण भारत एकाच लयीत चालणारी एक वीजयंत्रणा झाला. गोव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या राज्याकडे स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातील केंद्रीय प्रकल्पांतील आपला वाटा ते या जाळ्यातूनच उचलते.

महाराष्ट्रात सर्वाधिक वीज कशापासून तयार होते?

कोळशापासून. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी आणि नाशिकजवळचे एकलहरे ही महानिर्मिती या सरकारी कंपनीची औष्णिक, म्हणजे कोळशाच्या उष्णतेवर चालणारी, केंद्रे आहेत आणि त्यांच्याशिवाय खासगी केंद्रेही आहेत. यांतले चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. उरणला वायूवर चालणारे केंद्र आहे. तारापूरला अणुऊर्जा केंद्र आहे. १९६९ मध्ये सुरू झालेले हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. पवनचक्क्या साताऱ्यातील वनकुसवडे–चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळ्याकडे ब्राह्मणवेलच्या परिसरात दिसतात. सौर प्रकल्पांची भर अलीकडे सर्वांत वेगाने पडत आहे.

कोळशापासून वीज होते म्हणजे आत नेमके काय घडते?

कोळशातून थेट वीज निघत नाही, तर कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने चक्र फिरवायचे, एवढाच हा खटाटोप असतो. खाणीतून आलेला कोळसा चक्कीत पिठासारखा बारीक दळतात आणि गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडतात. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या रांगाच असतात. त्यांतल्या पाण्याची वाफ पाचशे अंशांच्या वर तापवून प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर सोडली जाते. टर्बाइनच्या दांड्यालाच जनित्राचा दांडा जोडलेला असतो, तो मिनिटाला ३,००० फेरे फिरतो आणि त्यावरील विद्युतचुंबक भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण करतो. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या पंख्यामागच्या पट्टीवर ‘५० हर्ट्झ’ असे छापलेले असते, तो आकडा या फेऱ्यांशी बांधलेला आहे.

काम झालेली वाफ पुन्हा थंड करून पाणी करावी लागते आणि दुरून दिसणारे ते प्रचंड, कमरेत बारीक मनोरे त्यासाठीच असतात. त्यांतून वर जाताना दिसतो तो धूर नसून पाण्याचे बाष्प असते. धूर बाहेर पडतो तो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते आणि उरलेली उष्णता या मनोऱ्यांतून व चिमणीतून निघून जाते. आपल्याकडच्या राखेचे प्रमाण जास्त असलेल्या कोळशातून एक युनिट वीज काढायला सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो.

कोळशाइतकेच पाणीही महत्त्वाचे आहे, हे सहसा लक्षात येत नाही. चंद्रपूरचे केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर उभे आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र कोळसा असूनही पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

मग कोयनेचे एवढे कौतुक कशासाठी?

कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, परंतु तिचे मोल केवळ त्या आकड्यात नाही. औष्णिक संच थंड अवस्थेतून पूर्ण क्षमतेला यायला कित्येक तास घेतो, तर जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो आणि तितक्याच झटपट थांबवताही येतो. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे, पंखे आणि मिक्सर एकदम सुरू होतात आणि त्याच सुमारास सौर वीज मावळलेली असते, त्या वेळी हा गुण कामाला येतो.

या प्रकल्पाची मूळ कल्पनाच विलक्षण आहे. सातारा जिल्ह्यातली कोयना नदी स्वभावतः कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाणारी. तिच्यावर धरण बांधून शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवले आहे आणि ते कोकणाच्या बाजूला, चिपळूण तालुक्यात पोफळीजवळ, जवळजवळ पाचशे मीटर खाली सोडले जाते. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याच्या माऱ्यावर डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहांतली चक्रे फिरतात. तेथून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून तिसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा वापरले जाते आणि मग ते वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राकडे जाते. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये मिळू लागली. चौथा टप्पा एकट्याने १,००० मेगावॉटचा आहे. त्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्याचे, म्हणजे ‘लेक टॅपिंग’चे, धाडस १९९९ मध्ये करण्यात आले आणि २०१२ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली.

मर्यादा अर्थातच आहे. पश्चिमेला वळवलेले पाणी कृष्णा खोऱ्याला परत मिळत नसल्यामुळे कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढेच पाणी वीजनिर्मितीसाठी वळवण्याची मुभा दिली. त्यामुळे कोयनेची वीज जपून, मागणी शिगेला पोहोचेल त्या तासांसाठी राखून वापरावी लागते.

मुंबईत वीज फारशी जात नाही, याचे कारण काय?

कारण बरेचसे ऐतिहासिक आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधून पायथ्याशी वीजगृहे उभारली: १९१५ मध्ये खोपोली, नंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. (या विजेची किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनी देऊन मोजली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्याविरुद्धच होता, हे या कौतुकात विसरले जाते.) पुढे ट्रॉम्बे आणि डहाणूची औष्णिक केंद्रे आली. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर त्यापासून तोडून या जवळच्या केंद्रांवर चालू ठेवायचे, अशी व्यवस्थाही करण्यात आली. शिवाय शहरातल्या बहुतेक वाहिन्या जमिनीखालून जातात, त्यामुळे वारा-पाऊस आणि झाडाच्या फांद्यांचा त्रास कमी.

ही व्यवस्था अभेद्य मात्र नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा–पडघे भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला, एक मंडल (सर्किट) दुरुस्तीसाठी आधीच बंद होते, शहर वेळेत वेगळे काढता आले नाही आणि लोकलसह अख्खी मुंबई ठप्प झाली.

वीज साठवता येत नाही म्हणतात. मग मागणीचा मेळ कसा घालतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आपण बटण दाबतो त्या क्षणी लागणारी वीज त्याच क्षणी कुठेतरी तयार होत असते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर देशभरातली जनित्रे किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्झचा आकडा खाली सरकतो. मागणी घटली तर तो वर जातो. भारतात हा आकडा ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा दंडक आहे. महाराष्ट्रापुरते हे काम ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र पाहते. तेथे उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे वेळापत्रक आदल्या दिवशीच ठरते आणि दिवसभर त्यात दुरुस्त्या चालू राहतात.

या कामातले कौशल्य ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसले. टाळेबंदीच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करण्याचे आवाहन झाले होते. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॉटने घटली आणि काही मिनिटांतच पूर्ववत वाढली. एवढा हिसका सोसायला औष्णिक संच उपयोगाचे नव्हते. देशभरातली जलविद्युत केंद्रे आधी पूर्ण चालवून, मग वेगाने उतरवून आणि पुन्हा चढवून जाळे सावरले गेले.

साठवण अगदीच नसते असेही नाही. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी कमी असताना जाळ्यातली वीज वापरून खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, अशी ती पद्धत आहे. चढवायला लागलेल्या विजेपेक्षा परत मिळणारी वीज कमीच असते, तरीही संध्याकाळच्या युनिटचे मोल पाहता हा व्यवहार परवडतो.

मोठ्या मनोऱ्यांवरून वीज एवढ्या उच्च दाबाने का नेतात?

तारेतून जितका प्रवाह जास्त तितकी तार तापते, आणि हे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट. ५०० मेगावॉटच्या संचातून वीज साधारण २१ केव्हीला बाहेर पडते आणि त्या दाबाला प्रवाह सुमारे सोळा हजार अँपिअर असतो. तोच दाब रोहित्राने (ट्रान्सफॉर्मरने) ४०० केव्हीपर्यंत चढवला की तेवढीच वीज साडेआठशे अँपिअरच्या आसपास प्रवाहात जाते आणि त्याच तारेतले नुकसान साडेतीनशे पटींहून अधिक घटते. एवढ्या एका हिशेबासाठी ते मनोरे, त्या चिनी मातीच्या माळा आणि प्रत्येक टोकाला दाब चढवणारी-उतरवणारी रोहित्रे उभी आहेत.

राज्यात ७६५, ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या वाहिन्या आहेत. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत जाणारी ७५२ किलोमीटरची वाहिनी मात्र वेगळी आहे. तिच्यातून प्रत्यावर्ती (एसी) नव्हे तर एकदिश (डीसी) प्रवाह जातो, कारण इतक्या लांब अंतरावर तो अधिक किफायतशीर ठरतो.

मनोऱ्यांपासून माझ्या मीटरपर्यंतचा प्रवास कसा होतो?

उच्च दाबाच्या उपकेंद्रात दाब ३३ किंवा २२ केव्हीपर्यंत आणि पुढे गावाजवळच्या उपकेंद्रात ११ केव्हीपर्यंत उतरवतात. तेथून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीला फिडर म्हणतात आणि ‘आमचा फिडर गेला’ या वाक्यातला फिडर तो हाच. रस्त्याकडेच्या खांबांवरून तीन तारा जातात आणि चौकातल्या रोहित्राशी, म्हणजे ज्याला सगळे गाव डीपी म्हणते त्याच्याशी, थांबतात. येथे ११ केव्हीचे सुमारे ४३३ व्होल्ट होतात. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा बाहेर पडतात. कोणत्याही दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात, तर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०. घराला ही दुसरी जोडी मिळते. कोणाला पहिला फेज, कोणाला दुसरा अशी घरे वाटलेली असल्यामुळे, एका फेजचा फ्यूज उडाला तर समोरच्या घरात उजेड आणि आपल्याकडे अंधार हे दृश्य दिसते. यात शेजाऱ्याची वशिलेबाजी नसते.

पहिला पाऊस पडताच वीज का जाते?

लोकांचा रोष सर्वाधिक याच प्रश्नावर असतो, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणे आणि सैल तारा ओढणे ही कामे नीट झाली तर निम्मे बिघाड टळतात. उरलेल्या निम्म्याचे कारण असे. तार खांबाला थेट बांधलेली नसते. ती चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेली असते, जेणेकरून वीज खांबातून जमिनीत उतरू नये. उन्हाळाभर या इन्सुलेटरवर धूळ बसते. रिमझिम पावसाने ती धुऊन निघत नाही, नुसती ओली होते आणि ओल्या धुळीतून वीज वाहू लागते. शिवाय दिवसभर तापलेल्या चिनी मातीवर गार थेंब पडले की बारीक तडे जातात आणि त्यांत पाणी शिरते. वीज जमिनीत उतरू लागली की उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप उघडतो आणि अख्खा फिडर बंद होतो. ब्रेकरने आपले काम केलेले असते. तो उघडला नाही तर तार जळून रस्त्यावर पडेल.

त्यानंतर उपकेंद्रातला ऑपरेटर थोडा वेळ थांबून ब्रेकर पुन्हा लावून पाहतो. वीज क्षणभर येऊन परत जाते ती या वेळी. ब्रेकर पुन्हा उघडला, तर बिघाड शोधायला माणूसच निघावा लागतो. तडा गेलेला इन्सुलेटर खालून, तोही रात्री टॉर्चच्या उजेडात, ओळखू येत नाही. म्हणून वायरमन फिडरच्या मधल्या खांबावरचा एबी स्विच उघडून वाहिनीचे दोन भाग करतो, अलीकडचा भाग चालू करून पाहतो, तो टिकला तर बिघाड पलीकडे आहे हे ठरते आणि मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. बिघाड सापडला की उपकेंद्राकडून वाहिनी बंद असल्याचे परमिट घ्यायचे, तारा जमिनीशी जोडायच्या आणि मगच खांबावर चढायचे. ही क्रमवारी घाईत मोडली की वायरमनचा जीव जातो. ‘किती वेळ लागेल’ या प्रश्नाला फोनवरून सरळ उत्तर मिळत नाही, त्याचे खरे कारण हे आहे.

एखाद्या वेळी दिवे अचानक प्रखर होतात आणि टीव्ही जळतो. असे का?

बहुधा न्यूट्रलची तार तुटलेली किंवा सैल झालेली असते. तसे झाले की निरनिराळ्या फेजवरची घरे दोन फेजमध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात, चारशेहून अधिक व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात आणि ज्या घरात वापर कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. दिवे प्रखर किंवा विचित्र मंद दिसू लागताच मेन स्विच बंद करावा आणि तक्रार नोंदवावी. देशभर चालणारा १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण यांत फरक काय?

वीज कायदा २००३ नुसार पूर्वीच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उच्च दाबाने वाहून नेते आणि महावितरण ती घरी आणून बिल देते. लोक अजूनही या सर्वांना ‘एमएसईबी’च म्हणतात. मुंबई बेटावर बेस्ट आणि उपनगरांत अदानी व टाटा या कंपन्या वितरण करतात. भांडुप-मुलुंडला महावितरण आहे. दर यांपैकी कोणीही स्वतः ठरवत नाही, ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो.

वीज गेली म्हणजे भारनियमनच का?

नाही. भारनियमन म्हणजे निर्मिती कमी पडल्यामुळे ठरवून केलेली कपात. आज शहरांत वीज जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या काही किलोमीटरमधल्या बिघाडाने किंवा देखभालीसाठी. वीज असते, ती पोहोचत नाही. म्हणून नवे केंद्र उभारल्याच्या बातमीने आपल्या गल्लीतला पुरवठा सुधारत नाही. तो सुधारतो डीपीची क्षमता वाढवल्याने आणि जुनी तार बदलल्याने.

शेतीपंपांना रात्रीची वीज का देतात?

शेतीपंपांचा भार एकाच वेळी चालू झाला तर जाळ्याला पेलत नाही, म्हणून त्यांचे फिडर वेगळे काढून आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, ठरावीक तास थ्री फेज पुरवठा देण्याची पद्धत पडली. वितरण कंपनीच्या तक्त्यावर हा तोडगा नीटनेटका दिसतो. मात्र रात्री दोन वाजता, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीत उसाला बारे द्यायला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्याची सगळी किंमत येते. सौर कृषी वाहिनी योजनेचे खरे महत्त्व येथे आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या फिडरला दिली की पुरवठा आपोआप दिवसाचा होतो आणि लांबून वीज आणण्यातले नुकसानही वाचते. जेथे असे प्रकल्प पूर्ण झाले, तेथे रात्रीची पाळी थांबली. सर्वत्र ते पूर्ण व्हायचे आहेत.

बिलातले ‘युनिट’ आणि निरनिराळे आकार म्हणजे काय?

एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. वीज आकार हा वापरलेल्या युनिटचा, वहन आकार ती वितरण जाळ्यातून आणल्याचा आणि स्थिर आकार जोडणी तयार ठेवल्याचा. कोळशाच्या व बाहेरून घेतलेल्या विजेच्या किमतीतला चढउतार इंधन समायोजन आकारात येतो. या सर्वांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते. ते राज्य शासनाकडे जाते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. मेमध्ये बिल दुप्पट वाटते ते यामुळे. वापर दीडपट झाला तरी वाढलेले युनिट महागड्या टप्प्यात मोजले जातात.

छतावर सौर पॅनल आहेत, तरी वीज गेली की घरात अंधार का होतो?

जाळ्याशी जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची लय पाहून चालतो आणि ती लय थांबताच तो स्वतःला बंद करतो. ही त्रुटी नाही, सक्तीची सुरक्षा आहे: बंद केलेल्या वाहिनीवर वायरमन काम करत असताना एखाद्या छतावरची वीज मीटरमधून उलट बाहेर गेली, तर डीपीमुळे तिचाच दाब ११ केव्हीपर्यंत चढेल. अंधार टाळायचा असेल तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो घराला बाहेरच्या वाहिनीपासून तोडून मगच वीज देतो. त्याचा खर्च बराच जास्त असल्यामुळे, जेथे वीज क्वचितच जाते तेथे तो घेण्यात फारसा अर्थ नाही. पॅनल बसवण्याआधी पुरवठादाराला हा एक प्रश्न अवश्य विचारावा, कारण माहितीपत्रकात तो सहसा नसतो.